उत्तरेची भिंत न धुण्याबाबत

प्रति,
मा. भांडार व इमारत अधिकारी,
वनस्पती संशोधन संस्था,
मुख्य इमारत, पहिला मजला.

अर्जदार : प्रयोगशाळा सहायक (महिला), जिवंत नमुने विभाग, तळमजला, जिन्यामागची खोली.

विषय : उत्तरेची कुंपणभिंत सोमवारी न धुणे व नाशाच्या दाखल्यावर सही न करणे.

संदर्भ : १) दुबार नमुने नष्ट करण्याचा आपला आदेश, दि. १० फेब्रुवारी. २) दाखल्यावर सही करण्याबाबतचे आपले पत्र, दि. ११ मार्च. ३) भिंतीवरील डाग काढण्याची आपली सूचना, दि. १९ मार्च (जिन्याजवळच्या फलकावर, एकाच टाचणीवर लोंबकळणारी).

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार खालीलप्रमाणे निवेदन करीत आहे.

१. या अर्जात अर्जदार स्वतःचा उल्लेख 'अर्जदार' असाच करणार आहे. दि. १२ फेब्रुवारीचा अर्ज 'मी' या शब्दाने सुरू होत असल्याने आपल्या कार्यालयाने त्यावर 'वैयक्तिक स्वरूपाचा' असा शेरा मारून तो परत पाठवला. दि. १९ फेब्रुवारीचा अर्ज विषय दोन ओळींचा झाला म्हणून परत आला. तिसरा स्वीकारला गेला, पण तो कुणी वाचला नाही, हे पुढील घटनांवरून दिसते. तेव्हा या चौथ्या अर्जात 'मी' नाही, विषय एका ओळीत आहे आणि डावीकडे चार बोटे समास सोडला आहे. तरीही परत पाठवण्याजोगे काही सापडल्यास तोंडी कळवावे, अर्जदार उभ्या उभ्या दुरुस्त करून देईल.

२. अर्जदार गेली बावीस वर्षे जिन्यामागच्या खोलीत काम करते. खोलीला एक खिडकी, एक नळ, एक सूक्ष्मदर्शक, एक थंड कपाट आणि डोक्यावरून चढणाऱ्या-उतरणाऱ्यांच्या चपलांचा आवाज आहे. काम दगडफुलांचे. दगडफूल म्हणजे काय ते आपणास ठाऊक असेल असे अर्जदार धरून चालली होती, ती तिची चूक झाली. जुन्या भिंतीवर, दगडावर, झाडाच्या खोडावर राखी, पिवळट, करडा असा जो पापुद्रा धरतो आणि ज्याला आपल्या सूचनेत 'डाग' म्हटले आहे, ते दगडफूल. ते एक झाड नव्हे, ते बिऱ्हाड आहे. भिंती आणि छप्पर बुरशीचे, आणि आत चूल पेटवणारे हिरवे शेवाळ. बुरशी आसरा देते, पाणी धरून ठेवते. शेवाळ उन्हावर अन्न तयार करून सगळ्या घराला पोसते. शेवाळ गेले की बुरशी उपाशी मरते. एवढे शाळेच्या पुस्तकातही असते.

३. पुस्तकात नसते ते पुढचे, आणि अर्जदाराची बावीस वर्षे त्या पुढच्यात गेली आहेत. एका बिऱ्हाडात चूल पेटवणारे एकच शेवाळ असते असे नाही. एकाच पापुद्र्यात दोन, तीन, क्वचित पाच निरनिराळी शेवाळे नांदतात. एक कडक उन्हात राबते, दुसरे सावलीत आणि गारठ्यात. एक थकले की दुसरे पुढे होते, म्हणून तर ते बिऱ्हाड उघड्या दगडावर वर्षानुवर्षे टिकते. बाहेरून यातले काहीही दिसत नाही. अर्जदारास दोन जावा आहेत. तिघींचे आडनाव एक, दारावरची पाटी एक. धाकटी पहाटे उठून पाणी भरते, मधली रात्रपाळीहून आल्यावर कपडे धुते, आणि थोरली, म्हणजे अर्जदार, आपल्याला अर्ज लिहीत बसते. उद्या कुणी शिरगणतीला येऊन 'एकाच आडनावाच्या तीन बायका दिसतात, पैकी दोन दुबार आहेत, काढून टाका' असे म्हणाला, तर सासूबाई त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवतील. जिवंत नमुने विभागात असा माणूस आला तेव्हा अर्जदाराने त्याला बसायला खुर्ची दिली, कारण तो अधिकारी होता.

४. कामाची पद्धत सांगणे भाग आहे, कारण घोळ तिथेच झाला. दगडफुलाचा कण धुऊन, चिरडून, त्यातले हिरवे तेवढे काचेच्या तबकडीत पेरायचे आणि वाट पाहायची. जे शेवाळ आधी उगवेल त्याला क्रमांक एक, त्यानंतरचे दोन, त्यानंतरचे तीन. नळीवरच्या चिठ्ठीवर प्रथम दगडफुलाचा क्रमांक, मग तिरकी रेघ, मग शेवाळ कितवे उगवले तो आकडा. १९/३ म्हणजे एकोणीस नंबरच्या दगडफुलातून तिसऱ्या क्रमाने उगवलेले, निराळे शेवाळ. दर तीन महिन्यांनी प्रत्येक नळीतला ठिपका नव्या नळीत हलवावा लागतो, नाहीतर तो मरतो. एकसष्ट दगडफुलांतून अशा दोनशे तीन नळ्या झाल्या होत्या, आणि सगळे ताडून पाहिल्यावर त्यांत चौतीस निरनिराळी शेवाळे ठरली होती. ही पद्धत भिंगकाकांनी घालून दिली. भिंगकाका हे विभागाचे माजी प्रमुख, पंधरा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. गळ्यात सदैव भिंग असल्याने सारी संस्था त्यांना याच नावाने ओळखते. आपणही ओळखता, कारण दि. ३ फेब्रुवारीस खोलीत पाऊल ठेवताच आपण म्हणालात, "त्या भिंगकाकांचा पसारा अजून आवरला नाही वाटतं."

५. त्या दिवशी आपण, आपले वरिष्ठ कारकून आणि इमारतीचे मुकादम अशी त्रिसदस्य पडताळणी समिती आली. पडताळणी अकरा मिनिटे चालली, त्यातली तीन कपाटाची किल्ली शोधण्यात गेली. कारकून चिठ्ठ्या वाचत म्हणाले, "साहेब, हे बघा. एकोणीस, एकोणीस, एकोणीस. एकाच नावाच्या तीन." अर्जदाराने नोंदवही पुढे केली. आपण ती हातानेच बाजूला सारलीत आणि म्हणालात, "बाई, तपशील नको. आकडा सांगा." अर्जदार म्हणाली, तिन्ही वेगळी आहेत. आपण म्हणालात, "वेगळी असती तर नावं वेगळी नसती का?" मुकादमांनी विचारले, "तिन्ही हिरवीच आहेत ना पण?" अर्जदाराने हिरवीच आहेत असे कबूल केले, आणि अहवालात तेवढीच कबुली उतरली. आपल्या कार्यालयात प्रत्येक पत्राच्या तीन प्रती निघतात आणि त्यांवर तिरकी रेघ मारून एक, दोन, तीन असे लिहितात. आयुष्यभर प्रतीच पाहिलेल्या माणसाला नळ्याही प्रती वाटल्या. आदेश निघाला की रेघेनंतर एक असलेली नळी मूळ समजून ठेवावी, बाकीच्या दुबार समजून नष्ट कराव्यात आणि कपाटातील जागा मोकळी करावी. अर्जदार तेव्हाच रागावली होती. पण समजावून सांगितले की कळेल, असाही तिचा समज होता.

६. तिसऱ्या अर्जावर आपण सुनावणी दिलीत, दि. ४ मार्च, सकाळी अकरा वाजता. अर्जदार नोंदवही घेऊन निघाली. पुरावा म्हणून १९/३ ही नळी तिने कपाटातून काढून हातात घेतली होती. वर उकाडा असतो, नळी तापेल, या विचाराने तिने ती परत जागेवर ठेवली. महोदय, त्या एका क्षणाचा अर्जदाराला आपल्यापेक्षाही जास्त राग येतो. अकरा ते सव्वातीन ती आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर बसली. शिपाईबुवांनी दोनदा पाणी आणून दिले. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "साहेब खाली गेलेत, येतील इतक्यात." खाली म्हणजे कुठे, ते त्यांनी सांगितले नाही आणि अर्जदाराने विचारले नाही. आपण जिन्यामागच्या खोलीत होतात. ज्या निर्णयावर सुनावणी घ्यायची, तोच अर्जदाराला वरच्या बाकावर बसवून आपण खाली अमलात आणत होतात. वरातीमागून घोडे निघाल्याचे ऐकले होते. इथे घोडा बाकावर बांधून ठेवला आणि वरात काढली.

७. अर्जदार साडेतीनला खाली आली तेव्हा वाफेचे भांडे अजून गरम होते आणि खोलीत पाला उकडल्याचा वास भरला होता. एकशे बेचाळीस नळ्या धुऊन, पुसून, तोंड खाली करून टेबलावर ओळीने ठेवल्या होत्या. काच फुकट घालवली नाही म्हणून आपण मुकादमांचे कौतुक केलेत. अर्जदार तेव्हा बोलली असती तर हा अर्ज आज माजी प्रयोगशाळा सहायकाकडून आला असता. सुनावणीच्या इतिवृत्तात आपल्या कारकुनांनी लिहिले आहे, 'अर्जदार उपस्थित होती. हरकत नोंदवली नाही.' बाकाने हरकत नोंदवली नाही हेही लिहायला हवे होते, तोही तिथेच होता.

८. आता काय उरले ते ऐकावे. तबकडीत सगळ्यांच्या आधी जे शेवाळ उगवते ते जवळजवळ नेहमी एकच असते. ते घरातले खरे राबणारे नव्हे. ते वाऱ्याबरोबर येऊन दगडफुलाच्या पाठीवर बसलेले असते, कुठेही तगते, भराभर वाढते. भिंगकाका त्याला पन्हाळीवरचे म्हणतात. कोणत्या घराला कोणता शेजार होता याची नोंद राहावी म्हणून त्याचीही नळी ठेवायची, अशी त्यांची शिस्त. ते सांगत, "पहिलं आलं त्याला हाकलायचं नाही, पण त्याच्यावरून घराची पारखही करायची नाही." आपण नेमकी तीच पारख केलीत. आपण 'मूळ' म्हणून राखलेल्या एकसष्ट नळ्या अर्जदाराने एकेक करून तपासल्या. अठ्ठावन्न नळ्यांत पन्हाळीवरचेच शेवाळ आहे आणि तीन नळ्यांत दुसरे एक. चौतीसपैकी दोन उरली. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली, आणि चोराला थंड कपाटात फळी दिली. दुबार काढण्याच्या या मोहिमेतून संस्थेकडे जे उरले ते अठ्ठावन्न पट दुबार आहे. ते शेवाळ आपल्या दालनाच्या खिडकीबाहेर, पावसाच्या पन्हाळीखाली, हातभर लांबीच्या पट्ट्यात फुकट वाढते आणि नखाने खरवडले तरी निघते. मोकळ्या झालेल्या फळ्यांवर सध्या बैठकीच्या पाण्याच्या बाटल्या गार होत आहेत.

९. नष्ट झालेल्या नळ्यांपैकी बहुतेकींची दगडफुले आता जागेवर नाहीत. दगडाची एक खाण बुजली, एक पूल पाडला, एका दफनभूमीची भिंत पाडून तिथे वाहने उभी राहतात. अर्जदार ती नावे पुन्हा पुन्हा लिहून आपला वेळ घेऊ इच्छित नाही. त्यांच्यासाठी आता कुणीही काही करू शकत नाही.

१०. दि. ११ मार्चच्या पत्रान्वये, नष्ट केलेल्या एकशे बेचाळीस नळ्या दुबार होत्या, अशा दाखल्यावर अर्जदाराची सही मागितली आहे. सहीशिवाय प्रकरण बंद होत नाही, असे कारकुनांनी येऊन सांगितले. "एक सही तर आहे बाई, तुमचं काय जातंय?" असे ते म्हणाले. अर्जदाराचे जे जायचे ते गेले आहे. ही सही ती करणार नाही. घरी हा विषय निघाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, एखादी पिशवीत टाकून घरी आणली असतीस तर?" अर्जदाराने सांगितले की ती संस्थेची मालमत्ता होती, बावीस वर्षांत तिने संस्थेची पेन्सिलही घरी आणलेली नाही. सासूबाई म्हणाल्या, "मग बस आता पेन्सिल सांभाळत." प्रामाणिक नोकराकडे अशा वेळी उत्तर नसते, आणि याचीही तिला चीड आहे.

११. आता १९/३ विषयी. एकोणीस नंबरचे दगडफूल संस्थेच्याच उत्तरेच्या भिंतीवर आहे, पश्चिमेच्या टोकाला, जाळीच्या झरोक्याखाली. भिंगकाकांनी त्याचा कण तबकडीत पेरला तेव्हा ते नोकरीत होते. पहिले दोन प्रकार दोन महिन्यांत उगवले. तळाशी राहिलेल्या गाळात आणखी काही आहे असे काकांचे म्हणणे होते. सगळ्यांनी सांगितले, फेकून द्या. अर्जदार तो गाळ दर तीन महिन्यांनी नव्या नळीत हलवत राहिली. चार वर्षांत सोळा नळ्या झाल्या. काका मधेच निवृत्त झाले, आणि त्यांची नजरही गेली; आता त्यांना उजेड आणि रंग तेवढे कळतात, तेही एका डोळ्याने. सतराव्या नळीत खसखशीच्या दाण्याएवढा ठिपका दिसला, हिरव्यापेक्षा काळ्याकडे झुकणारा, जाड बाटलीच्या बुडासारखा. उरलेल्या तेहेतीस शेवाळांत त्याच्यासारखे एकही नव्हते. काकांनी नळी खिडकीकडे धरली आणि म्हणाले, "उघडला गं डोळा." तेव्हापासून ते दर गुरुवारी काठी टेकत संस्थेत येतात, जिन्यामागच्या खोलीत बसतात आणि एकच प्रश्न विचारतात, "आमचं लेकरू कसं आहे?"

१२. दि. ६ मार्च आणि दि. १३ मार्च या दोन गुरुवारी अर्जदाराने त्यांना 'बरं आहे' असे सांगितले. ही कबुली ती स्वतःहून देत आहे. कपाट बिघडले आहे, वारंवार उघडायचे नाही, अशी थाप तिने मारली. बावीस वर्षांत तिने त्या माणसाशी खोटे बोललेले नव्हते. आपल्या आदेशामुळे ते बोलावे लागले, आणि एकशे बेचाळीस नळ्यांच्या खालोखाल तिला याचा संताप आहे. काल, दि. २० मार्च रोजी, काका म्हणाले, "दोन आठवडे कपाट उघडायचं नाही म्हणतेस. कपाट आहे की तिजोरी? आण इकडे." अर्जदाराने त्यांच्या हातात १९/१ दिली. त्यांनी ती खिडकीकडे धरली, थोडी तिरपी केली. मग म्हणाले, "हे पन्हाळीवरचं आहे. माझं कुठंय?"

१३. अर्जदाराने सर्व सांगितले. काका गळ्यातले भिंग सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. त्या भिंगातून त्यांना आता काही दिसत नाही. शेवटी विचारले, "किती गेल्या?" अर्जदाराने आकडा सांगितला. "कुणी केलं?" अर्जदाराने आपले पद सांगितले. मग ते म्हणाले, "भिंत आहे ना अजून?" आदल्याच दिवशी अर्जदाराने फलकावरची सूचना वाचली होती. ती म्हणाली, आहे, सोमवारपर्यंत आहे. तेव्हा काका म्हणाले, "मग अर्ज कर. नीट कर. चिडून लिहिलंस तर फाइलला लावतील. थंड डोक्यानं लिहिलंस तर कदाचित वाचतील." त्यांच्या सांगण्यावरून हा अर्ज थंड डोक्याने लिहिला आहे. यापूर्वीचे दोन मसुदे अर्जदाराने फाडले. ते यापेक्षा गरम होते.

१४. सूचनेनुसार सोमवार दि. २४ मार्च रोजी सकाळी नऊ वाजल्यापासून उत्तरेची भिंत जोराच्या पाण्याच्या यंत्राने व जंतुनाशकाने धुऊन तिला पांढरा रंग देण्यात येणार आहे. पाहुणे येणार असल्याने भिंत स्वच्छ दिसावी, असे कारण दिले आहे. ती भिंत अस्वच्छ नाही. तिच्यावर नऊ दगडफुले आहेत, आणि नष्ट केलेल्या शेवाळांपैकी अकरा प्रकार आज या घटकेला तिथे जिवंत आहेत, एकोणिसातले तिसरेही. ती पुन्हा काढता येतील. चार वर्षे लागतील, कदाचित पाच. भिंगकाकांचे वय ऐंशी आहे, पण ते थांबायला तयार आहेत. नळ्या उकळणे ही चूक होती असे एखादा उदार माणूस म्हणू शकेल. हा अर्ज वाचल्यावर भिंत धुणे याला चूक म्हणता येणार नाही. या हाताने कपाट आणि त्या हाताने भिंत, दोन्ही आपल्याच सहीने, हे जाणूनबुजून केल्यासारखे दिसते. आपण जाणूनबुजून काही करत असाल असे अर्जदाराला अजून वाटत नाही, आणि आपल्याविषयी तिचे एवढेच काय ते चांगले मत शिल्लक आहे.

१५. सबब अर्जदाराची विनंती अशी की,

(अ) भिंत धुण्याचे काम रद्द करावे. पाहुण्यांना पांढरे काही दाखवायचेच असेल तर दक्षिणेची भिंत आहे. ती नवी आहे, तिच्यावर कुणी राहत नाही.

(ब) दाखला बदलावा. 'सदर एकशे बेचाळीस नळ्या दुबार नव्हत्या, त्या न तपासता नष्ट करण्यात आल्या' असा मजकूर असल्यास अर्जदार त्यावर सही करेल, अंगठाही देईल.

(क) आपण सोमवारपूर्वी एकदा जिन्यामागच्या खोलीत यावे. अर्धा तास पुरे. पन्हाळीखालचा खरवडलेला कण आणि आपण राखलेली कोणतीही एक नळी अर्जदार सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवील. हातच्या कांकणाला आरसा कशाला. या वेळी आपण आकडा विचारू नये, पाहावे.

(ड) येत्या गुरुवारी काका येतील तेव्हा आपणही यावे आणि जे केले ते त्यांना स्वतः सांगावे. अर्जदाराने ते एकदा सांगितले आहे. पुन्हा सांगणे तिला जमणार नाही.

१६. सोमवारी नऊच्या आत उत्तर न आल्यास काय होईल हे कळवणे अर्जदार आपले कर्तव्य समजते, म्हणजे नंतर 'हरकत नोंदवली नाही' असे लिहावे लागणार नाही. अर्जदाराने सोमवारची एक दिवसाची रजा मागितली आहे. ती आणि भिंगकाका पावणेनऊ वाजता भिंतीशी येतील. काका घडीची खुर्ची आणणार आहेत. यंत्र कोणत्या टोकाकडून लावायचे हे ज्याच्या हातात आहे, अशा एका कर्मचाऱ्याने काल संध्याकाळी खोलीत येऊन, दारातच उभे राहून विचारले, "बाई, ती खरंच वेगवेगळी होती का?" अर्जदाराने त्याला नोंदवहीतली चित्रे दाखवली. तो बराच वेळ पाहत होता. जाताना म्हणाला, "पूर्वेकडून लावतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तुमच्या टोकाला येत नाही. तेवढंच माझ्या हातात आहे." त्याचे पद अर्जदार इथे लिहिणार नाही.

१७. भिंत बेचाळीस पावले लांब आहे. दोन माणसे ती झाकू शकत नाहीत, एवढा हिशेब अर्जदाराला येतो. आठ दगडफुले कदाचित धुतली जातील. एकोणीस नंबरचे मात्र एका माणसाच्या पाठीआड मावते. काकांनी काल हाताने चाचपून माप घेतले. त्यांनी अर्जदाराला बजावले आहे की पाठ टेकायची नाही, चार बोटे अंतर सोडून उभे राहायचे, कारण पापुद्रा चुरडतो. त्याप्रमाणे अर्जदार उभी राहील. पाण्याचे यंत्र तिच्यावर चालवायचे की नाही, याचा लेखी आदेश आपण मुकादमांना द्यावा, आणि त्याच्या नेहमीप्रमाणे तीन प्रती काढाव्यात.

कळावे, आणि या वेळी खरोखर कळावे.

शेवटच्या ओळीपर्यंत नम्र राहू पाहणारी,

(सही)
प्रयोगशाळा सहायक,
जिवंत नमुने विभाग
दि. २१ मार्च, शुक्रवार

सोबत :
१. दि. ११ मार्चचा दाखला, सही न केलेला.
२. सोमवारचा रजेचा अर्ज. कारण : भिंत.
३. आपल्या खिडकीबाहेरील पन्हाळीखालून खरवडलेले शेवाळ, कागदाच्या पुडीत.
४. आपण मूळ म्हणून राखलेली नळी क्र. १९/१. परत करण्याची आवश्यकता नाही. संस्थेकडे अशा आणखी सत्तावन्न आहेत.